अलेक्झांडर फ्लेमिंग : पेनिसिलिनचा शोध आणि औषधांना दाद न देणारे जंतू

रुग्ण आयसीयूमध्ये असतो आणि रक्ताचा किंवा लघवीचा कल्चर रिपोर्ट येतो. त्यात अँटिबायोटिक औषधांची यादी असते आणि प्रत्येक औषधापुढे एक अक्षर असते. एस म्हणजे हा जंतू या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही. यादीत जवळजवळ सगळीकडे आर असेल, तर डॉक्टर नातेवाइकांना सांगतात की आता राखून ठेवलेले, शेवटच्या फळीतले औषध द्यावे लागेल. कधी कधी त्या औषधापुढेही आर असतो.

अशा वेळी घरच्यांना प्रश्न पडतो की एवढी औषधे असताना एकही का चालत नाही. अनेकांना वाटते की रुग्णाच्या शरीराला औषधांची सवय झाली. तसे नसते. औषधाला दाद न देणारा असतो तो जंतू, शरीर नव्हे. हा फरक कळला की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. तो समजून घेण्यासाठी डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे आयुष्य पाहणे उपयोगी आहे. अँटिबायोटिकचे युग त्यांच्या शोधापासून सुरू झाले. हे औषध सर्वसामान्यांपर्यंत पोहोचू लागले त्याच वर्षी, पुढे काय होऊ शकते याचा इशाराही त्यांनी देऊन ठेवला होता.

शेतकऱ्याचा मुलगा लंडनला येतो

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्वेल गावाजवळच्या लॉकफिल्ड या शेतावर झाला. वडील ह्यू फ्लेमिंग शेतकरी होते. अलेक्झांडर सात वर्षांचे असताना ते वारले. आईने आणि मोठ्या भावंडांनी घर सांभाळले.

व्हॉट्सअॅपवर एक गोष्ट वारंवार फिरते. दलदलीत बुडणाऱ्या लहानग्या विन्स्टन चर्चिलला शेतकरी फ्लेमिंगने वाचवले, त्याबदल्यात चर्चिलच्या वडिलांनी अलेक्झांडरच्या शिक्षणाचा खर्च केला आणि पुढे पेनिसिलिननेच चर्चिलचा न्यूमोनिया बरा झाला, अशी ती गोष्ट आहे. ती खरी नाही. चर्चिल यांना १९४३ मध्ये न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांना सल्फा गटातील औषध दिले होते. फ्लेमिंग यांच्या शिक्षणाचा मार्गही अगदी साधा होता.

वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास ते लंडनला मोठ्या भावाकडे राहायला आले. हा भाऊ डोळ्यांचा डॉक्टर होता. थोडे शिक्षण झाल्यावर फ्लेमिंग यांनी जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षे कारकुनी केली. मग एका काकांच्या मृत्युपत्रातून २५० पौंड वाट्याला आले आणि भावाच्या सल्ल्याने त्यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यायचे ठरवले. १९०१ मध्ये त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९०६ मध्ये ते उत्तम गुणांनी डॉक्टर झाले.

त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. पण ते नेमबाजीत तरबेज होते आणि महाविद्यालयाच्या रायफल क्लबला त्यांना सोडायचे नव्हते. त्यांनी तिथेच राहावे म्हणून त्यांना सर आल्मरोथ राइट यांच्या लसीकरण विभागात जागा मिळवून देण्यात आली. राइट हे टायफॉइडच्या लसीसाठी प्रसिद्ध होते. प्लेगच्या साथीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून ते भारतातही येऊन गेले होते. जंतूंशी लढण्याचे खरे काम शरीराच्या पांढऱ्या पेशी करतात आणि डॉक्टरने त्यांना मदत करावी, असे त्यांचे ठाम मत होते. फ्लेमिंग यांच्यावर या विचाराचा खोल परिणाम झाला.

युद्धातील जखमा काय शिकवून गेल्या

पहिल्या महायुद्धात राइट आणि फ्लेमिंग यांना फ्रान्समधील बूलोन येथे पाठवले गेले. तिथे एका कॅसिनोच्या इमारतीत लष्करी रुग्णालय होते आणि तिथेच त्यांची प्रयोगशाळा होती. सैनिकांच्या जखमा तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी झालेल्या असत. त्यांत माती, खत आणि कपड्यांचे तुकडे जात. जखमा चिघळत, पू होत असे, आणि गोळ्यातून वाचलेला सैनिक जंतुसंसर्गाने दगावत असे.

त्या काळी जखमेवर तीव्र जंतुनाशक ओतण्याची पद्धत होती. फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी घेऊन तिला आतून काट्यांसारखे खोल फाटे काढले. वेडीवाकडी जखम जशी असते तसा तो नमुना होता. त्यात जंतू घालून मग जंतुनाशक ओतले. वरचे जंतू मेले, पण खोल फाट्यांतले जिवंत राहिले आणि पुन्हा वाढले. शिवाय त्यांना असेही दिसले की ही जंतुनाशके जंतूंपेक्षा रुग्णाच्या पांढऱ्या पेशींनाच लवकर मारतात.

यातून दोन गोष्टी त्यांच्या मनात कायमच्या बसल्या. औषध जंतूपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचले नाही, तर काही जंतू उरतात आणि तेच वाढतात. दुसरी म्हणजे, जंतू मारणारे औषध रुग्णाला सोसवले पाहिजे. कोणते अँटिबायोटिक, किती आणि किती दिवस द्यायचे हे ठरवताना आजचे डॉक्टरही हेच दोन प्रश्न विचारतात.

युद्धाच्या काळातच, १९१५ मध्ये, त्यांनी सारा मॅकएलरॉय या परिचारिकेशी लग्न केले. १९२४ मध्ये त्यांना रॉबर्ट हा मुलगा झाला. तोही पुढे डॉक्टर झाला.

सर्दीतून लागलेला शोध

युद्धानंतर फ्लेमिंग पुन्हा सेंट मेरीजमध्ये आले. एकदा सर्दी झालेली असताना त्यांनी स्वतःच्याच नाकातील शेंबूड जंतू वाढवण्याच्या बशीत घातला. काही दिवसांनी त्या शेंबडाच्या आसपासचे जंतू विरघळलेले दिसले. त्यातील पदार्थाला लायसोझाइम असे नाव मिळाले. हे एन्झाइम आपल्या अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या भागातही असते. १९२२ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

लायसोझाइम औषध म्हणून फारसे उपयोगी ठरले नाही, कारण ते प्रामुख्याने निरुपद्रवी जंतूंनाच मारते. त्याचे कारणही उघड आहे. ज्या जंतूंवर अश्रू आणि लाळेचा परिणाम होतो, त्यांना आपल्याला आजारी पाडणे मुळात अवघड जाते. जे या पहाऱ्यातून निसटतात तेच रोग निर्माण करतात. माऱ्यातून वाचणारा जंतूच पुढे टिकतो, हा नियम अँटिबायोटिक येण्याच्या कितीतरी आधीपासून निसर्गात चालू आहे.

१९२८ : बुरशी लागलेली बशी

१९२८ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंग स्टॅफिलोकॉकस या जंतूंवर काम करत होते. त्वचेवरील गळू, जखमेतला पू, हाडांतील संसर्ग अशा अनेक त्रासांमागे हा जंतू असतो. सुट्टीवर जाताना त्यांनी जंतूंच्या बशा टेबलावरच ठेवल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला परत आल्यावर त्या धुवायला काढताना एका बशीत बुरशी वाढलेली दिसली. बुरशीपासून दूरचे जंतू नेहमीसारखे होते, पण तिच्या भोवतीचे जंतू विरघळत होते.

ती पेनिसिलियम जातीची बुरशी होती. फ्लेमिंग यांनी ती पातळ खाद्यात वाढवली, तो रस गाळला आणि १९२९ च्या मार्चमध्ये त्यातल्या जंतुनाशक पदार्थाला पेनिसिलिन हे नाव दिले. हा रस ८०० पट पातळ केला तरी स्टॅफिलोकॉकसची वाढ थांबत असे. युद्धातला अनुभव लक्षात ठेवून त्यांनी लगेच दुसरी तपासणीही केली. पांढऱ्या पेशींना या रसामुळे इजा होत नव्हती.

पेनिसिलिन असे का वागते, हे पुढे कळले. जिवाणूभोवती एक भक्कम भिंत असते. वाढताना त्याला ती सतत बांधावी लागते. पेनिसिलिन हे बांधकाम थांबवते, भिंत कमकुवत होते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून औषध जंतूला मारते आणि रुग्णाला सोसवते. व्हायरसलाही अशी भिंत नसते. साध्या सर्दीत किंवा डेंग्यूत पेनिसिलिन कामाचे नाही ते याचमुळे.

१९२९ च्या शोधनिबंधात आणखी एक नोंद होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पेनिसिलिन सगळ्याच जंतूंना मारत नाही, हे फ्लेमिंग यांनी स्पष्ट लिहिले होते. आतड्यातील कोलाय आणि टायफॉइड गटाचे जंतू त्याला दाद देत नव्हते. या जंतूंना ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात. त्यांच्या भिंतीबाहेर आणखी एक पडदा असतो आणि बरीच औषधे त्या पडद्यापाशीच अडतात. आज आयसीयूमध्ये शेवटच्या फळीतल्या औषधांनाही न जुमानणारे क्लेब्सिएला, अॅसिनेटोबॅक्टर आणि ई. कोलाय हे जंतू याच मोठ्या गटातले आहेत.

बुरशीच्या रसातून शुद्ध पेनिसिलिन वेगळे काढणे मात्र फ्लेमिंग आणि त्यांच्या सहाय्यकांना जमले नाही. ते फार लवकर खराब होत असे. त्यांनी बुरशी जपून ठेवली आणि मागेल त्या संशोधकाला दिली. पुढची दहा वर्षे हा शोध जवळपास बाजूला पडून राहिला.

ऑक्सफर्डचे काम आणि पहिला अडथळा

१९३९ मध्ये ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी हे काम हाती घेतले. पेनिसिलिन शुद्ध करण्याची पद्धत त्यांनी बसवली. मे १९४० मध्ये आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंचे इंजेक्शन देऊन त्यातल्या चार उंदरांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते आणि औषध मिळालेले जिवंत होते. ही बातमी कळल्यावर फ्लेमिंग ऑक्सफर्डला भेट द्यायला गेले. चेन यांना आश्चर्य वाटले, कारण फ्लेमिंग हयात नसावेत अशीच त्यांची समजूत होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. काही जिवाणू असे एन्झाइम तयार करतात की जे पेनिसिलिनचा रेणूच तोडून टाकते, असे त्यांना आढळले होते. त्यांनी या एन्झाइमला पेनिसिलिनेज असे नाव दिले. या वेळेपर्यंत ऑक्सफर्डच्या पेनिसिलिनने एकाही रुग्णावर उपचार झालेले नव्हते. म्हणजे औषध वापरात येण्याआधीच ते नष्ट करणारे जंतू हजर होते.

यात नवल नाही. बुरशी आणि जिवाणू मातीत कोट्यवधी वर्षे शेजारी राहत आले आहेत. बुरशी विष सोडते, जिवाणू त्यावर उपाय शोधतात. हजारो वर्षे गोठलेल्या जमिनीतही संशोधकांना असे प्रतिरोधाचे जनुक सापडले आहेत. माणसाने हे जनुक निर्माण केले नाहीत. औषधांचा वारेमाप वापर करून ते जनुक बाळगणाऱ्या जंतूंना मोकळे रान मात्र माणसाने करून दिले.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. त्याच्या चेहऱ्याला आणि डोळ्याला झालेला संसर्ग शरीरभर पसरला होता. काही दिवसांत ताप उतरला आणि तो जेवू लागला. पण औषधाचा साठा संपत आला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन पुन्हा गोळा करून त्यालाच दिले गेले, तरी ते पुरले नाही. उरलेले जंतू पुन्हा वाढले आणि मार्चमध्ये तो वारला. बरे वाटणे आणि संसर्ग संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेनिसिलिनच्या या सुरुवातीच्या रुग्णातच दिसून आले.

पुढे अमेरिकेत मोठ्या टाक्यांमध्ये उत्पादन सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हजारो जखमी सैनिकांना पेनिसिलिन मिळू लागले. १९४२ मध्ये फ्लेमिंग यांनी स्वतः मेंदूज्वर झालेल्या एका परिचिताला फ्लोरी यांच्याकडून मिळालेले पेनिसिलिन दिले. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनाने पुरेसा परिणाम होईना, तेव्हा त्यांनी ते पाठीच्या कण्यातील द्रवात दिले आणि रुग्ण वाचला. औषध जंतूपर्यंत पोहोचले पाहिजे हा बूलोनचा धडा इथेही कामी आला.

नोबेलच्या व्यासपीठावरील इशारा

१९४४ मध्ये फ्लेमिंग यांना सर हा किताब मिळाला. १९४५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना फ्लोरी आणि चेन यांच्यासोबत देण्यात आले. वृत्तपत्रांनी पेनिसिलिनला चमत्कार ठरवले होते. ११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोममध्ये भाषण करताना फ्लेमिंग यांनी मात्र शेवटी काळजीचा सूर लावला. प्रयोगशाळेत जंतूंना मरण्याइतके नाही, पण थोडे थोडे पेनिसिलिन देत राहिले, तर ते त्याला दाद देईनासे होतात आणि हेच माणसाच्या शरीरातही घडू शकते, असे त्यांनी सांगितले.

मग त्यांनी एका कल्पित जोडप्याचे उदाहरण दिले. नवऱ्याचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणून स्वतःच्या मनाने थोडेसे घेतो. जंतू पूर्ण मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला तयार होतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन देऊनही उपयोग होत नाही आणि ती दगावते. तिच्या मृत्यूला मुख्यतः जबाबदार कोण, असे विचारून फ्लेमिंग यांनी बोट नवऱ्याच्या निष्काळजीपणाकडे दाखवले. औषध वापरायचे तर पुरेसे वापरा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आज आपल्याला यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. जंतू शिकत नाहीत, त्यांची निवड होते. लाखो जंतूंमध्ये योगायोगाने एखादा औषधातून वाचू शकणारा असतो. औषध बाकीच्यांना मारते, त्याला मोकळी जागा मिळते आणि थोड्याच वेळात सगळी प्रजा त्याचीच होते. दुसरी दुरुस्ती अशी की, उदाहरणातल्या घसादुखीचा नेहमीचा जिवाणू, म्हणजे ए गटाचा स्ट्रेप्टोकॉकस, आजही पेनिसिलिनने मरतो. खरा धोका दुसऱ्या जंतूंकडून आला. पण चूक एकाची आणि भोगणारा दुसराच, हा त्या गोष्टीचा गाभा तंतोतंत खरा ठरला.

इशारा खरा ठरायला वेळ लागला नाही

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या डॉक्टर स्टॅफिलोकॉकस जंतूंची तपासणी करत होत्या. १९४६ मध्ये त्यातले सुमारे १४ टक्के जंतू पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४८ पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. हे जंतू पेनिसिलिनेज तयार करत होते आणि रुग्णालयात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरत होते.

ब्रिटनमध्ये १९४७ मध्ये कायदा करून पेनिसिलिन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घालण्यात आले. भारतात पेनिसिलिन बनवण्यासाठी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला. याचा अर्थ, आपल्याकडे हे औषध घराघरात पोहोचण्याआधीच लंडनच्या वॉर्डांमध्ये त्याची धार कमी झाली होती.

फ्लेमिंग यांची पत्नी सारा १९४९ मध्ये वारली. १९५३ मध्ये त्यांनी ग्रीक जंतुशास्त्रज्ञ अमालिया कुत्सुरी-वुरेका यांच्याशी विवाह केला. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने फ्लेमिंग यांचे निधन झाले. ते ७३ वर्षांचे होते. त्यांच्या अस्थी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये आहेत.

त्यांच्यानंतर : शेवटच्या फळीतल्या औषधांपर्यंत

पेनिसिलिनेजने तोडता न येणारे मेथिसिलिन १९६० च्या सुमारास आले. १९६१ मध्येच त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची नोंद झाली. त्याला आपण एमआरएसए म्हणतो. या जंतूने औषध तोडले नाही, तर औषध जिथे चिकटते ती जागाच बदलली.

जंतूंकडे असे मुख्यतः चार मार्ग असतात :

- औषध तोडणारे एन्झाइम तयार करणे
- औषध जिथे चिकटते ती जागा बदलणे
- औषध आत येण्याच्या वाटा बंद करणे
- आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकणे

एकाच जंतूकडे यातले दोन-तीन मार्ग एकत्र असू शकतात. शिवाय जंतू आपले जनुक एकमेकांना देऊ शकतात. प्लास्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनए तुकड्यावर हे जनुक असतात आणि तो तुकडा एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जातो. एकाच तुकड्यावर पाच-सहा औषधांविरुद्धचे जनुक असले, तर एकदम पाच-सहा औषधे निकामी होतात. रिपोर्टमध्ये आरची रांग दिसते ती बऱ्याचदा अशीच तयार झालेली असते.

१९८० च्या दशकात कार्बापेनेम गटाची औषधे आली. मेरोपेनेम हे त्यातले आयसीयूमध्ये नेहमी ऐकू येणारे नाव. ही औषधे पेनिसिलिनच्याच मोठ्या कुटुंबातली आहेत आणि बहुतेक एन्झाइमना पुरून उरतात. पण ती तोडणारी एन्झाइमही आली. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेब्सिएला जंतूत २००८ मध्ये असे एन्झाइम सापडले. त्याच्या एनडीएम या नावात नवी दिल्लीचे नाव आहे आणि त्यावर आपल्याकडे बराच वादही झाला. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी हे एन्झाइम आज जगभर पसरलेले आहे आणि आपल्या रुग्णालयांत ते नेहमी आढळते.

मग डॉक्टरांना कोलिस्टिन या जुन्या औषधाकडे वळावे लागले. १९५० च्या सुमारास जपानमध्ये सापडलेले हे औषध मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून मागे पडले होते. ते ग्रॅम-निगेटिव्ह जंतूच्या बाहेरच्या पडद्याला चिकटून तो फाडते. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरे, कच्चे मांस आणि रुग्ण यांच्यात एमसीआर-१ हा जनुक सापडल्याचे जाहीर केले. हा जनुक पडद्याची रचना अशी बदलतो की कोलिस्टिनला नीट चिकटता येत नाही, आणि तो प्लास्मिडवर असल्याने पसरूही शकतो. जनावरे लवकर वाढावीत म्हणून त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घातले जात होते. भारताने खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये त्याच्या वापरावर २०१९ मध्ये बंदी घातली.

एका मोठ्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. फ्लेमिंग यांच्या उदाहरणातील त्या बायकोसारखे, यातल्या अनेकांनी स्वतः औषधाचा गैरवापर केलेला नसणार.

रुग्ण आणि घरच्यांनी काय करावे

- सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी आणि डेंग्यू हे व्हायरसमुळे होतात. त्यात अँटिबायोटिकचा उपयोग नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले नाही, तर ते आग्रहाने मागू नका.
- मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. पाकिटावर उभी लाल रेघ असलेले औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. घरात उरलेल्या किंवा शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्याही वापरू नका.
- दिलेला डोस, वेळ आणि दिवस पाळा. बरे वाटले म्हणून स्वतःहून थांबवू नका आणि भीतीने स्वतःहून वाढवूही नका. आज काही संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा कोर्स पुरतो. डॉक्टरांनी थांबवायला सांगितले तर थांबवा.
- दवाखान्यात गेल्या काही महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिक, पूर्वीची अॅडमिशन आणि जुने कल्चर रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. औषध निवडताना त्याचा खरोखर उपयोग होतो.
- आयसीयूमध्ये रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करा. एका रुग्णाजवळून दुसऱ्याजवळ जाऊ नका. लघवीची नळी किंवा मोठ्या शिरेतली लाइन अजून आवश्यक आहे का, असे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.
- लहान मुलांचे आणि ज्येष्ठांचे लसीकरण पूर्ण ठेवा. जो संसर्ग झालाच नाही, त्याला औषध लागत नाही.
- गंभीर संसर्गात डॉक्टर तातडीने अँटिबायोटिक सुरू करतात. प्रतिरोधाच्या भीतीने त्याला नकार देऊ नका. तिथे उशीर जीवघेणा ठरू शकतो.

आणि रिपोर्टवर आरची रांग दिसली तरी लगेच धीर सोडू नका. प्रत्येक वेळी रिपोर्टमधला जंतू आजाराला कारण असतोच असे नाही, काही जंतू त्वचेवर किंवा नळीवर नुसते राहत असतात. खरा संसर्ग असला तरी औषधांची जोडी, डोस देण्याची वेगळी पद्धत, साचलेला पू काढणे किंवा जुनी नळी बदलणे असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत यातला कोणता लागू पडतो, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी शांतपणे बोलून समजून घ्या.

फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचे पेटंट घेतले नाही. ते औषध सगळ्यांचे झाले आणि त्याची राखणही सगळ्यांवर आली. आज घरातल्या साध्या सर्दीसाठी न घेतलेली एक अनावश्यक गोळी उद्या त्याच घरातल्या कुणाच्या तरी न्यूमोनियात औषध चालू राहायला मदत करू शकते.